समोरून वारा होता आणि मी पुढे निघून गेलो

पत्र:

आमच्या ऑफिसातल्या सहा जणांनी लहान मुलांच्या कॅन्सरवरील उपचारांसाठी निधी उभारणाऱ्या सायकल राइडमध्ये भाग घेतला. तीन दिवस, एकूण 320 किलोमीटर. त्यातला एक, माझा जुना मित्र, निव्वळ माझ्या आग्रहाखातर आला. त्याचा सराव माझ्याइतका नव्हता, पण त्याने तयारी मनापासून केली होती. पहिल्या दिवशी आम्ही बरोबरच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सपाट रस्ता लागला आणि समोरून जोराचा वारा. मागून एक वेगवान गट आला, मी त्यांच्यात घुसलो. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर मित्र खूप मागे पडला होता. वाटलं, येईल मागून. तो संध्याकाळी आला, सपोर्ट गाडीत बसून. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सायकलवर बसला. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला. नंतर एकदा म्हणाला, ‘ज्यांनी माझ्या नावावर पैसे दिले त्यांना मी फसवलं.’ त्या वेगवान गटातल्या लोकांनीही मला सुनावलं, की तासभर आमच्या मागे बसलात, एकदाही पुढे आला नाहीत आणि वर न सांगता ब्रेक मारलात. शेवटी राइड ज्याची त्याची असते ना? काही महिन्यांनी हीच राइड पुन्हा आहे. मी नाव नोंदवलंय, तो येणार नाही म्हणतो. माझं नक्की काय चुकलं?

— पुढे गेलेला

उत्तर:

‘राइड ज्याची त्याची असते ना?’ हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलाय, पण सगळं तिथेच अडलंय. म्हणून आधी तोच घेऊ.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही जुनी आहेत. फ्रान्समध्ये 1904 साली टूर द फ्रान्स शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी ऑडॅक्स नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात सगळा गट ठरलेल्या वेगाने एकत्र चालतो. पुढे रोड कॅप्टन असतात, त्यांना ओलांडून कोणी जायचं नाही. आजही ऑडॅक्स राइडचा ठरलेला वेग बहुधा ताशी 22.5 किलोमीटर असतो. दमदार माणसाने स्वतःला आवरायचं आणि कमी दमाच्या माणसाला सोबत न्यायचं, हाच तिचा गाभा. पुढे 1921 मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने दुसरी वाट धरली, मोकळ्या वेगाची. आज जगभर ज्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड होतात त्या याच पद्धतीच्या. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास. त्या वेळेत तुम्ही कसे जाता, कोणाबरोबर जाता, कुठे थांबता, हे तुमचं तुम्ही बघायचं.

यातली कुठलीही एक पद्धत दुसरीपेक्षा जास्त सज्जनपणाची नाही. गडबड होते ती एका सायकलवर बसलेला माणूस पहिल्या पद्धतीची राइड करत असतो आणि शेजारच्या सायकलवरचा दुसरीची, तेव्हा. पहिला संपूर्ण दिवस तुम्ही मित्राबरोबर राहिलात. त्याला इथे आणलंही तुम्हीच होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने गृहीत धरलं की आपण एकत्र आहोत. दुपारी तुम्ही एक शब्दही न बोलता मोकळ्या वेगाच्या राइडमध्ये गेलात. म्हणजे पुढे जाण्यात काही चूक नव्हती. त्याला न सांगता गेलात, ही चूक. ‘मी या गटाबरोबर जाऊन बघतो, पुढच्या थांब्यावर तुझी वाट पाहतो’ एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? ते ऐकून त्याने स्वतःचा वेग कमी केला असता, पाणी प्यायला असता, उरलेल्या अंतराचा हिशेब नव्याने मांडला असता. त्याऐवजी तो तुम्हाला गाठायचा प्रयत्न करत राहिला. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण मला याची जवळजवळ खात्री आहे, कारण मागे पडणारा प्रत्येक माणूस हेच करतो.

त्याच्या बाजूने तो तास कसा गेला असेल, ते जरा सविस्तर सांगते. वेगवान माणसांना तो तास सहसा दिसतच नाही.

ताशी 20 किलोमीटरने सायकल चालवणाऱ्याला समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर येणारी हवा ताशी 35 ची होते आणि तिचा अवरोध जवळपास तिप्पट. कोणाच्या तरी चाकामागे नीट आडोशाला राहिलं तर साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. आता तुमचा मित्र त्या गटाच्या शेपटाला आहे. पुढे कोणीतरी जरासा जोर लावतो. त्याच्या पुढच्या चाकासमोर हातभर जागा मोकळी होते. तो उठून जोर करतो, भरून काढतो. पुन्हा हातभर. या वेळी भरायला जास्त वेळ लागतो. तिसऱ्यांदा ती जागा एका सायकलीएवढी होते आणि वारा थेट छातीवर येतो. पुढच्यांनी आता वेग वाढवलाही नाही तरी अंतर वाढतच जातं, कारण ते आडोशात आहेत आणि हा उघड्यावर. मिनिटभरात सगळं संपलेलं असतं. पाठी दिसत राहतात, लहान होत जातात. या सगळ्या वेळात हँडलवरचा हात सोडून खिशातलं काही तोंडात टाकायची त्याला सवड नसते. लांब राइडवर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. त्या धडपडीत ती चुकतात आणि तासाभराने पाय अचानक रिकामे होतात. सायकलवाले याला बाँक होणं म्हणतात. तुमचा मित्र सपोर्ट गाडीत बसला तो सराव कमी पडला म्हणून की त्या तासात त्याने स्वतःला पिळून काढलं म्हणून, हे त्यालाही नक्की सांगता येणार नाही. पण आपण कमी पडलो, एवढंच मनात धरून तो घरी गेला.

म्हणूनच ‘आपण एकत्र आहोत’ हे निघण्याआधी बोलून ठरवायला हवं, आणि तेही दिवसाच्या तुकड्यांमध्ये. पूर्ण दिवस चाकाला चाक लावून चालणं सहसा कोणालाच जमत नाही, तसा आग्रह धरू नये. माझा सल्ला अगदी ठरलेला आहे: चढावर मोकळे, सपाटीवर एकत्र, आणि वारा समोरून असेल तर नक्कीच एकत्र. याला कारण आहे. चढावर वेग इतका कमी असतो की आडोशाचा फायदा नगण्य. तिथे लढाई वजनाशी असते, ती दुसऱ्याच्या वतीने लढता येत नाही. तुम्ही हळू चढलात तर तुमची लय बिघडते, आणि शेजारी कोणी जपून चढतंय हे दिसलं की मित्र मुद्दाम जोर लावतो आणि दोघंही दमता. चढ प्रत्येकाने आपापला चढावा, माथ्यावर भेटावं. वाऱ्यात मात्र तुमचे दमदार पाय त्याच्या थेट उपयोगाचे असतात. सायकलिंगमध्ये आपली ताकद दुसऱ्याच्या हातात देता येते अशी ती बहुधा एकमेव जागा. तुम्ही नेमके तिथेच निघून गेलात. त्याला ते लागलं ते का, हे आता कळलं असेल.

माथ्यावर थांबण्याबद्दल एक गोष्ट नेहमी राहून जाते. पुढचे लोक वर पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, दहा मिनिटं बसतात. शेवटचा माणूस धापा टाकत येतो आणि त्याला बघताच सगळे म्हणतात, ‘आला, चला!’ म्हणजे सगळ्यात जास्त विश्रांती ज्याला हवी, त्याला ती शून्य मिळते. शेवटचा पोचल्यापासून थांब्याची वेळ मोजायची. त्याने बाटली भरली, काही खाल्लं, ‘निघू या’ हे त्याने म्हटलं, की निघायचं.

सोबत चालताना पुढे असाल तर तुमचं काम एकच: वेग अजिबात हलू द्यायचा नाही. मागच्याला आडोसा तेव्हाच मिळतो जेव्हा पुढचा माणूस कंटाळवाणा वाटेल इतका एकसारखा चालतो. उतारावर पेडल मारणं थांबवू नका, नाहीतर मागच्याला ब्रेक मारावे लागतात. छोट्या चढावर जोशात उठून उभे राहू नका. उठताना सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागच्याचं चाक तुमच्या चाकाच्या फार जवळ असतं. शेजारी शेजारी चालत असाल तर स्वतःचं चाक त्याच्या चाकाच्या अर्ध्या लांबीने पुढे ठेवायची खोड घालवा. तो बरोबरीला यायला जोर लावतो, तुम्ही नकळत आणखी अर्धं चाक पुढे जाता आणि गप्पा मारता मारता वेग त्याच्या आवाक्याबाहेर जातो. तो अर्धी वाक्यं बोलू लागला किंवा नुसताच हुंकार देऊ लागला, तर वेग जास्त झालाय. दर काही मिनिटांनी मागे बघा. आणि ‘थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगू नका. किती किलोमीटर राहिले ते खरं सांगा. दमलेल्या माणसाला आकडा पचतो, फसवणूक पचत नाही.

आता त्या वेगवान गटाबद्दल. ते तुम्हाला बोलले ते रास्तच बोलले, हे मला सांगायलाच हवं.

अनोळखी माणसाच्या चाकामागे लागण्याआधी विचारायचं असतं. ‘तुमच्या मागे आलो तर चालेल?’ यात संकोच वाटण्यासारखं काही नाही, आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. विचारल्याने पुढच्याला कळतं की मागे कोणीतरी आहे, आता अचानक थांबायचं नाही, खड्डा दिसला तर हाताने दाखवायचा. न विचारता मागे बसणं म्हणजे त्याच्यावर न सांगता जबाबदारी टाकणं. मग पुढे येण्याचा प्रश्न. वारा सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. तुमच्यात बळ असेल तर पाळी आली की पुढे जा, मिनिट-दोन मिनिटं राहा आणि बाजूला होऊन मागे या. पुढे आल्यावर उत्साहाने वेग वाढवू नका, आधीचा होता तोच ठेवा. बळ नसेल तर तसं सांगा: ‘मला पुढे येणं झेपणार नाही, मागेच राहतो.’ असं सरळ सांगणाऱ्या माणसाला गट आनंदाने ओढत नेतो. गप्प बसून फायदा घेणाऱ्याचा मात्र राग येतो, आणि तो येणारच.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. चाकं एकमेकांना घासली तर पडतो तो मागचा, कारण त्याचं पुढचं चाक जातं आणि हँडल हातात राहत नाही. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं असतात. म्हणून गटात असताना ब्रेक हा शेवटचा उपाय. वेग कमी करायचा तर पेडल मारणं हलकं करा, अंग थोडं उंच करून वारा अंगावर घ्या, आणि थांबायचंच असेल तर आधी मोठ्याने सांगा. ‘हळू’, ‘थांबतोय’, ‘खड्डा’, ‘मागून गाडी’ हे शब्द ओरडून सांगायचे असतात आणि ऐकणाऱ्याने ते मागच्यापर्यंत पोचवायचे असतात. लाजून पुटपुटण्यात अर्थ नाही. तुमचं चाक पुढच्याच्या चाकाच्या बाजूला, आत शिरलेलं असं कधीही ठेवू नका, ते थोडं मागेच असू द्या. आणि कानात इअरफोन घालून गटात शिरू नका, ते तर कुठल्याच राइडवर चालू नये.

हेही लक्षात घ्या की निधी उभारणाऱ्या राइडवर अनेकांची ती पहिलीच लांब राइड असते. कोणी उसनी सायकल आणलेली असते, कोणाला सरळ रेषेत चालवता येत नाही. अशा गर्दीत घट्ट रांग करून वेगाने जाणं धोक्याचं असतं. सान फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवस आणि 545 मैल चालणारी एड्स/लाइफसायकल राइड 2025 मध्ये शेवटची झाली. तिथे एकामागे एक चालायचा नियम होता आणि आडोसा घेत रांगेने जायला बंदीच होती. तुमच्या राइडची नियमावली नीट वाचा. त्यात हा नियम असेल तर त्या वेगवान गटाने तुम्हाला सुनावण्याचा प्रश्नच उरत नाही, चूक दोघांचीही. नवख्या माणसाला ओलांडताना लांबूनच आवाज द्या, भरपूर जागा सोडा आणि लगेच त्याच्या पुढ्यात घुसू नका. रस्त्याकडेला कोणी उलट्या सायकलशी झटत असेल तर जाता जाता ‘सगळं ठीक?’ एवढं विचारा. बहुतेक जण ‘ठीक’ म्हणतात. ज्याच्याकडे पंप नसतो किंवा ट्यूब संपलेली असते, तो मात्र त्या दोन शब्दांची वाट बघत असतो.

आता मित्राच्या वाक्याकडे येते. पत्रातली मला सर्वांत लागलेली गोष्ट तीच.

त्याने कोणालाही फसवलेलं नाही. त्याला हे कोणीतरी ठामपणे सांगायला हवं, आणि ते तुम्ही सांगा. त्याच्या नावावर पैसे देणाऱ्यांनी किलोमीटर विकत घेतले नव्हते. आजारी मुलांच्या उपचारांसाठी पैसे दिले होते, आणि ते पैसे पोचले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1980 साली पॅन-मास चॅलेंज ही राइड 36 सायकलस्वारांनी सुरू केली. आज हजारो लोक तिच्यात उतरतात, डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी तिने आजवर 100 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आहे. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर किती जण दमून, पडून, सायकल मोडून गाडीत बसले असतील! त्यांनी आणलेला निधी तितकाच मोलाचा ठरला. सपोर्ट गाडी आयोजक मुद्दाम ठेवतात, कारण थकलेला माणूस रहदारीत सायकल चालवू लागला की तो स्वतःलाही आणि इतरांनाही धोक्यात घालतो. वेळेवर गाडीत बसणं ही शहाण्या सायकलस्वाराची निवड आहे. शिवाय तुमच्याच पत्रात आहे की तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सायकलवर बसला. आदल्या संध्याकाळी इतकं खचल्यावर सकाळी पुन्हा हेल्मेट घालणं सोपं नसतं. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. त्याच्याशी बोलाल तेव्हा तसं करू नका.

बोलायचं कसं, तेही सांगते. फोनवर किंवा मेसेजवर नको, भेटा. ‘तू वाईट वाटून घेऊ नकोस’ अशी सुरुवात करू नका, त्याने सगळा भार पुन्हा त्याच्यावरच येतो. काय झालं ते तुमच्या बाजूने सांगा: वारा होता, गट आला, मोह झाला, तुला न सांगता गेलो, ते बरोबर नव्हतं. मग थांबा. त्याला बोलू द्या, आणि तो दुखावून काही बोलला तर मध्येच खुलासा करू नका. पैशांबद्दल वर जे लिहिलंय ते त्यानंतर सांगा, आधी नको, नाहीतर ते समजूत घातल्यासारखं वाटेल.

पुढच्या राइडचा विषय त्या भेटीत काढू नका. त्याला पुन्हा आणणं हा तुमच्या माफीचा हेतू आहे असं त्याला वाटलं तर माफी वाया गेली. काही आठवड्यांनी, वारा असलेल्या एखाद्या दिवशी, त्याला 40-50 किलोमीटरच्या साध्या फेरीला बोलवा. वेग तो ठरवेल, तुम्ही पुढे राहाल, आणि अंतर पडू लागलं की तो ‘हळू’ म्हणून ओरडेल, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की नाव नोंदवायचं की नाही हे तो स्वतःच बोलेल. त्याने नकार दिला तर तो मान्य करा. त्या वर्षी त्याला निधी गोळा करण्यात किंवा थांब्यावर पाणी देण्याच्या कामात यायचं असेल तर आयोजकांना स्वयंसेवक नेहमीच हवे असतात. आणि तो हो म्हणाला, तर ऑफिसातल्या उरलेल्या चौघांनाही आदल्या रात्री एकत्र बसवा आणि कुठे मोकळं, कुठे एकत्र, कोणत्या थांब्यावर भेटायचं, शेवटच्या माणसाबरोबर कोणी राहायचं हे नावं घेऊन ठरवा. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी तुम्ही मागून घ्या.